यादीत नसलेली वाडी

इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली, तेव्हा मदतीला निघालेली माणसं पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने वर चढली. जेसीबी खालीच राहिले. माती फावड्या-घमेल्यांनी उपसावी लागली. त्या भागात तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. २३ जुलैला शोध थांबवला तोवर २७ मृतदेह हाती लागले होते. ५७ माणसं सापडलीच नाहीत. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी विधानसभेत जी माहिती दिली गेली, तिच्यात एक वाक्य होतं: दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

ते वाक्य खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. यादी कोणीतरी करतं. ती करताना कोणीतरी नकाशा पाहतं, कोणीतरी डोंगर चढतं किंवा चढत नाही, कोणीतरी विचारतं किंवा विचारत नाही. यादीत नाव नसणं ही निसर्गाची करणी नव्हे. या पुस्तकाच्या संपादकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा ग्रामीण आरोग्य, आपत्तीत तगून राहणं आणि आदिवासींचं कल्याण असा तीन खणांचा विषय त्यांनी समोर ठेवला. मला त्या तिन्ही खणांत एकच गोष्ट दिसत राहिली: यादी कोण करतं, तिच्यात कोण राहून जातं, आणि राहून गेलेल्याला ते कळतं तरी का.

तीन खण सरकारातही आहेत. आरोग्य एका खात्याकडे, मदत व पुनर्वसन दुसऱ्याकडे, आदिवासी विकास तिसऱ्याकडे. मंत्रालयात हे तिघे वेगवेगळ्या मजल्यांवर बसत असतील. वाडीवर ते एकाच चुलीपाशी बसलेले असतात. भामरागडचंच बघा. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. हे दर पावसाळ्यात होतं, कधी एकाच पावसाळ्यात अनेकदा. त्या दिवसांत एखादी बाई अडली, एखाद्या पोराला तापाने झटके आले, तर हा प्रश्न आरोग्याचा की आपत्तीचा की आदिवासी विकासाचा? खाट उलटी करून, तिला दोर बांधून, चार जण खांद्यावर घेऊन निघतात, त्यांना खात्याचं नाव विचारण्यात अर्थ नाही. जे दरवर्षी येतं त्याला आपत्ती म्हणायची आपली रीतही नाही. पंचनामा व्हायला काहीतरी एकदम कोसळावं लागतं.

शब्दांचं थोडं बोलायला हवं, कारण या क्षेत्रातले बरेचसे शब्द बाहेरून आले आणि घाईत मराठी झाले. संकटातून सावरण्याच्या क्षमतेला अहवालांत ‘लवचीकता’ म्हणतात. लवचीक वेताची छडी असते, किंवा पुढाऱ्याची भूमिका. आपल्याकडे ‘तग’ आहे. रोप तग धरतं, आजारी माणूस तग धरतो, दुष्काळात जनावर तग धरतं. या शब्दात दमणं आहे, मुळं आहेत, आणि कितीही धरली तरी एक हद्द आहे हेही आहे. दुसरा शब्द ‘बरं’. आजारी माणूस बरा होतो, घरी आलेल्याला ‘बरं आहे ना?’ म्हणून विचारतो, पाऊस बरा झाला म्हणतो. शरीर, घर आणि शेत यांची खुशाली एकाच शब्दात विचारणारी भाषा आपल्याकडे असताना ‘सर्वांगीण स्वास्थ्य निर्देशांक’ असलं काही जोडायची गरज का पडते, मला कळत नाही. पडते, कारण निधी मागायच्या अर्जात ‘बरं’ बसत नाही.

आणि ‘आदिवासी’ हा एक शब्द तरी कुठे एक आहे? महाराष्ट्रात कोरकू बोलणारा माणूस मुंडा कुळातली भाषा बोलतो, माडिया बोलणारा द्राविडी कुळातली, भिली बोलणारा आर्य कुळातली. तीन भाषाकुळं एका राज्यात, आणि प्रश्नावली मात्र पुण्याच्या प्रमाण मराठीत. ‘गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणाला अतिसार झाला का?’ असा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. समोरची बाई ‘नाही’ म्हणाली. मी ‘नाही’वर खूण केली. पोर तिच्या मांडीवर सुकून गेलेलं होतं.

हे पस्तीसेक वर्षांपूर्वीचं. रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात इंटर्नशिप चालू होती आणि आमच्याकडे एक सर्वेक्षण आलं होतं. कातकऱ्यांच्या वाडीवर मी कागद घेऊन बसले होते. एका तरुण आईला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, तीन. तिघं समोर होती, मी तीन लिहिलं. माझ्याबरोबरच्या नर्सबाई जुन्या. त्यांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, “बाळंत कितीदा झालीस गं?” ती म्हणाली, पाचदा. मी गोंधळले. मग तिची सासू बोलली, “बाय, पाचवी पुजायच्या आधी गेली ती दोघं. त्यांना नाव नाही. नाव नाही ते कसं मोजायचं?”

मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, मग ते माणसांत येतं. त्याआधी गेलं तर आलंच नाही असं धरायचं. ही त्या घराची दुःख सोसण्याची रीत होती, त्यात अडाणीपणा शोधायला नको. पण बालमृत्यूंचं शास्त्र सांगतं की अर्भकांचे सर्वात जास्त मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, आणि त्यातले बरेच पहिल्या दिवशी. म्हणजे मरण जिथे सर्वात दाट, तिथेच वही कोरी. घरच्यांच्या हिशेबात ते मूल नाही, सरकारी नोंदीत ते ‘मृतजन्म’ म्हणून जातं किंवा जातच नाही. त्या दिवशी माझ्या कागदावर तीनचे पाच झाले. तेवढ्याने काही झालं नाही. तो कागद पुढे कुठे गेला हे मला आजतागायत माहीत नाही, आणि त्या सासूलाही कोणी कळवलं नसणार.

कागद कुठे जातो, या प्रश्नाचं सर्वात धीट उत्तर महाराष्ट्रात गडचिरोलीने दिलं असं मी मानते. राणी आणि अभय बंग १९८६ मध्ये त्या जिल्ह्यात गेले. जिल्हा तेव्हा चार वर्षांचा होता. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच जगाच्या धोरणांत होतं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, हे बाईच्या जातीला असायचंच, असं खुद्द बायाही म्हणायच्या. कोणी विचारलं नव्हतं म्हणून ते नव्हतं.

त्यानंतरचं काम आणखी महत्त्वाचं, आणि त्यातली एक वस्तू मला फार आवडते. बाळाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे त्याच्या श्वासांवरून कळतं: दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, मोठं मूल पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावातली सुईण साठपर्यंत मोजणार कशी? तिला अंक येत नव्हते. तेव्हा वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि दोन तारांवर ओवलेले मणी, असं लाकडाचं एक साधन केलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर औषध. एक तार तान्ह्यांसाठी, दुसरी थोराड पोरांसाठी. यात शोध कुठे आहे? वाळूचं घड्याळ जुनं, मणी जुने, श्वास मोजण्याचा निकषही दुसऱ्यांचा. बाई अडाणी आहे म्हणून काम अडतं, हे गृहीत उलटं करून साधन अडाणी आहे असं म्हणणं, शोध तिथे आहे.

१९९५ पासून ३९ गावांत त्यांनी नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायला गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाला गुंडाळणं, वजन करणं, जन्मतः गुदमरलेल्याला श्वास देणं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसीनचं इंजेक्शन. या शेवटच्या गोष्टीवर वादळ उठणं साहजिक होतं. गावातली बाई तान्ह्याला सुई टोचणार? तीन वर्षांत तिथला नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ वर आला. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या ‘आशा’ घरोघरी जाऊन नवजात बाळं पाहू लागल्या, त्याची मुळं इथे आहेत. इंजेक्शनाचा भाग मात्र धोरणाच्या वाटेत बराचसा गळून पडला. वजनकाटा आणि तक्ता पुढे गेला, सुई मागे राहिली. संशोधनातलं काय उचललं जातं आणि काय नाही, यावर एक स्वतंत्र पुस्तक होईल.

बंगांच्या शोधग्रामातला दवाखानाही आठवतो. गोंड लोक मोठ्या दवाखान्यात जायला का बिचकतात, हे त्यांना विचारूनच तो बांधला गेला. पांढऱ्या भिंतींच्या लांबलचक वॉर्डांऐवजी झोपडीसारख्या खोल्या, नातेवाइकांना रोग्याजवळ राहायची सोय, आणि नाव माँ दंतेश्वरीचं, त्यांच्याच देवीचं. एकट्याने आजारी पडायचं ही शहरी कल्पना आहे. जंगलातल्या गावात माणूस आजारी पडतो तेव्हा घर आजारी पडतं.

जामखेडचं काम याहून जुनं. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले ते दवाखाना काढायला, आणि गाठ पडली १९७२ च्या दुष्काळाशी. लोक म्हणाले, औषध राहू द्या, आधी पाणी आणि पोरांना खायला. मग बोअर घेतल्या, हातपंप बसवले, गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. पंप दलित वस्तीत बसवायचे हे त्यांनी मुद्दाम पाहिलं, त्यामुळे पाण्याला वरच्या आळीतल्या बायांना तिथे यावं लागलं. १९७१ मध्ये त्या भागात हजारी १७६ अर्भकं दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा पन्नाशीपर्यंत उतरला. औषधाने किती आणि पंपाने किती, याची वाटणी करता येत नाही, आणि मला ती करावीशीही वाटत नाही. दुष्काळात उभं राहिलेलं आरोग्याचं काम दुष्काळ गेल्यावरही टिकलं, एवढं पुरे. जामखेड आदिवासी भाग नव्हे, तरी या पुस्तकात त्याचा उल्लेख पुनःपुन्हा येईल, तो याचसाठी.

मेळघाटाबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. १९९३ मध्ये धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलांच्या मृत्यूंनी राज्य हादरलं, न्यायालयात याचिका गेल्या, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाळ्याआधी धान्य पोचवणं, फिरती पथकं, हे सगळं त्या योजनेत होतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात बातमी येते, दौरा होतो, आकडा छापला जातो. ‘कुपोषणाने मृत्यू’ की ‘आजाराने मृत्यू’ यावर जितकी शाई खर्च झाली तितकं तेल पोरांच्या भाजीत पडलं असतं तर, असं मनात येतं. दोन किलोच्या बाळाला न्यूमोनिया झाला तर प्रमाणपत्रावर न्यूमोनियाच येणार. यादी करणाऱ्याची त्यात सोय असते.

पण लोकांचं ज्ञान म्हटलं की सगळं पवित्र, असंही नाही. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके द्यायचे, त्याला तिथे डंबा म्हणतात. अशी बाळं मेळघाटातल्या दवाखान्यांत आजही येतात. आदिवासींचं सगळंच शहाणं, असं म्हणणाऱ्या शहरी भक्तांनी ते पोट एकदा पाहावं. आणि भूमक्याला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, हातकडी घाला म्हणणाऱ्यांनीही एक पाहावं: रात्री दोन वाजता त्या गावात जागा कोण असतो? ज्यांनी भूमक्यांशी बोलून, त्यांनीच रोग्याला दवाखान्यापर्यंत आणावं अशी व्यवस्था बसवायचा प्रयत्न केला, त्यांच्या वाटेवर मला जास्त भरवसा आहे. भूमक्याचा मान तसाच ठेवून त्याच्या हातातलं लोखंड काढून घेणं, हे काम नुसत्या भाषणाने होत नाही.

आता एकदम कोसळणाऱ्या आपत्तीकडे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली, बहुतेक महादेव कोळी. बाहेरच्या जगाला ती बातमी दिली एसटीच्या चालकाने: नेहमीच्या फेरीला आला आणि गाव जागेवर नव्हतं. मला वाटतं, आपल्या धोक्याच्या सूचनांच्या यंत्रणेविषयी याहून काही सांगायची गरज नाही. मग कारणं शोधायला सुरुवात झाली आणि बोट पडकईकडे गेलं. पडकई म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून भाताची खाचरं काढणं. पूर्वी हे काम माणसं एकमेकांच्या शेतावर इर्जिकीसारखं जाऊन, हातांनी, थोडं थोडं करत. यंत्राने तेच काम दिवसात उरकायला लागल्यावर उतार तोच राहतो का, हा खरा अभ्यासाचा प्रश्न होता. वर्तमानपत्रांत मात्र ‘आदिवासींनी डोंगर खोदला’ एवढंच उरलं.

नवं माळीण २०१७ मध्ये उभं राहिलं, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते नि भराव खचल्याच्या बातम्या आल्या. पुनर्वसनाची गोष्ट आपल्याकडे चावी देण्याच्या फोटोपाशी संपते, तिच्या पुढचं कोणी मोजत नाही. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. जवळपास आठ हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराखाली: दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथे काटकोनात आखलेले रस्ते आले, वाडे आणि आळ्या गेल्या. वाचलेल्यांच्या मनाचा अभ्यास तिथे झाला, आणि भूकंपानंतरच्या मनोविकारांच्या भारतातल्या पहिल्या काही अभ्यासांत तो मोडतो. पण शेत जुन्या गावाकडे आणि घर नव्या गावात, म्हातारा पारावर बसायचा तो पारच नाही, याला कोणत्या आजाराचं नाव द्यायचं? इर्शाळवाडीची माणसं आधी कंटेनरच्या घरांत आणि नंतर खाली चौकजवळच्या पक्क्या घरांत राहायला आली. डोंगरउतारावरची वरी-नाचणी, रानातली शेवळं नि कंटोळी, चुलीचं सरपण, ही त्यांची यादी कोणत्या पंचनाम्यात आली असेल? छप्पर दिसतं, ताटातून गेलेलं दिसत नाही.

डहाणूकडे धुंदलवाडीच्या परिसरात २०१८ च्या नोव्हेंबरपासून जमीन हादरायला लागली, एकदा नव्हे, महिनोन् महिने. वारली कुटुंबं थंडीत घराबाहेर तंबूंत झोपली. कोसळलं फारसं काही नाही, म्हणून आकडाही मोठा नाही. रोज रात्री जमिनीवर कान ठेवून झोपणाऱ्या माणसाचं बरं-वाईट मोजायला आपल्याकडे माप नाही.

मापावरून आठवलं. देशातल्या आदिवासींच्या आरोग्याचा समग्र असा पहिला अहवाल यायला २०१८ साल उजाडलं. २०१३ मध्ये नेमलेल्या त्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष अभय बंगच होते. १० कोटी ४० लाख माणसांच्या आरोग्याचे वेगळे, विश्वासार्ह आकडे मिळवताना समितीची दमछाक झाली, हे त्या अहवालातच दिसतं. त्यातली एक गोष्ट धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावावी: निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. आपल्या बहुतेक योजना मात्र तालुक्याच्या हद्दीवर आखलेल्या. म्हणजे माणूस वीटभट्टीवर गेला, उसाच्या फडात गेला, ठाण्याच्या नाक्यावर उभा राहिला, की तो आदिवासी राहतो पण यादीत राहत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन भट्टीवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. एवढ्या काळात तान्ह्याच्या लसी चुकतात, वजनं चुकतात, गरोदर बाई कोणाच्याच वहीत नसते. वाडीवरची अंगणवाडी लाभार्थी ‘स्थलांतरित’ लिहून मोकळी होते, भट्टीजवळची म्हणते, या आमच्या नव्हेत.

रक्ताचा प्रश्न त्याहून नाजूक. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान २०२३ च्या जुलैत सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक अशी शक्यता असते की मुलाला आजार होईल. तेव्हा लग्नाआधी माहिती असणं चांगलंच. पण वाहकाच्या रक्तात तोच गुण मलेरियाशी झुंजायला मदत करतो. हजारो वर्षं मलेरियाच्या रानात राहून शरीराने धरलेली ही तग आहे, आणि आपण तिला एका रंगीत कार्डावर छापून मुलीच्या हातात देतो. कार्ड पाहून सोयरीक मोडली तर त्या मुलीला समजवायला कोण जातं? नमुना घेणारा तंत्रज्ञ तोवर तिसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो. तपासणीच्या आधी आणि नंतर बोलायला वेळ ठेवा, एवढं साधं म्हणणं आहे, आणि वेळेला अंदाजपत्रकात रकाना नाही.

संशोधन लोकांनी स्वतः करायचं ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरणही गडचिरोलीतलंच, मेंढा-लेखाचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. घोषणेमागचे अभ्यासगट कमी जणांना ठाऊक असतात. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, असे बसून एकेक विषय सोडवत: जंगलात काय किती आहे, मधमाश्यांना न मारता मध कसा काढायचा, कायद्यात नेमकं काय लिहिलंय. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांचा होकार होईपर्यंत चर्चा. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा ज्या गावाजवळ आधीच स्वतःच्या जंगलाचा हिशेब होता त्याला दावा करायला वेळ लागला नाही, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचा पैसा गावात राहिला. तुम्ही म्हणाल, याचा आरोग्याशी काय संबंध? मी विचारेन, वीटभट्टीवर न गेलेल्या गरोदर बाईच्या वजनाशी त्याचा संबंध नाही तर कशाशी आहे.

पुढच्या पानांत लिहिणारे डॉक्टर आहेत, भूगर्भाचे आणि समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत, काही गावातले कार्यकर्ते आहेत. त्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही, आणि संपादकांनी ते पटवलेलं नाही, हे मला आवडलं. माझी तक्रार एकच. यातले बरेच अभ्यास आधी इंग्रजीत छापले गेले, मराठीत आज येताहेत. माडिया, कोरकू, वारलीत ते कधी जातील, हा प्रश्न मी संपादकांना विचारला आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही, म्हणून इथे छापून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा रायगडातल्या त्या वाडीवर गेले होते. सासू केव्हाच गेली, ती तरुण आई आता आजी आहे, भट्टीवर होती म्हणून भेट झाली नाही. वाडीची आशाताई भेटली. तिच्या सरकारी रजिस्टराखाली एक शाळकरी दोनशे पानी वही होती, पेन्सिलने लिहिलेली, खोडून खोडून कागद पातळ झालेला. तिच्यात रकाने तिनेच आखलेले: घर, बाईचं नाव, पोरं, आणि शेवटचा रकाना ‘आत्ता कुठं’. त्यात लिहिलेलं: कल्याणकडे भट्टी, नदीपलीकडची भट्टी, कोळसा, घरी. प्रत्येक भट्टीपुढे मुकादमाचा नंबर. दोन ओळींना नाव नव्हतं. नुसती तारीख आणि कंसात ‘पाचवीआधी’.

मी विचारलं, हा रकाना कोणी सांगितला काढायला?

“कोणी नाही,” ती म्हणाली. “लस द्यायच्या दिवशी पोरं सापडायला नकोत का, मॅडम? रविवारी मुकादमाला फोन लावते मी. कधी उचलतो, कधी नाही उचलत.”